बघ्याची नजर

बुद्धिबळ दोघांचा खेळ, हे झालं नियमांच्या पुस्तकातलं. वाचनालयाच्या कट्ट्यावर किंवा रविवारी दुपारी कुणाच्या पडवीत तो कधीच दोघांचा राहत नाही. पटाच्या कडेला कुणीतरी उकिडवं बसलेलं असतं, कुणी हातातला चहा निवू देत उभं असतं. ‘अरे, घोडा चाललाय तुझा!’ त्यातल्या एकाच्या तोंडून निसटतं. समोरचा चिडतो, बघ्यांनी बोलायचं नाही हा कायदा पुन्हा एकदा जाहीर होतो आणि पाच मिनिटांत मोडतोही.

गंमत म्हणजे हाच बघ्या स्वतः पटावर बसला की सपाटून मार खातो. मग बाहेरून त्याला एवढं नेमकं कसं दिसतं? मला सापडलेलं कारण साधं आहे. त्याचा जीव कोणत्याच बाजूत अडकलेला नसतो. खेळणारा आपल्या बेतात रंगलेला: उंट इथे, वजीर तिथे, की झालीच मात. त्या बेतात समोरच्यानं काय खेळायचं तेही यानंच परस्पर ठरवून टाकलेलं असतं. बघ्या मात्र पांढऱ्याची खेळी ज्या डोळ्यांनी बघतो त्याच डोळ्यांनी काळ्याचीही बघतो. हौशी खेळाडूला चार पावलं पुढे जायचं असेल तर असा एक बघ्या स्वतःच्या आत आणून बसवावा लागतो.

पट्टीच्या खेळाडूंनाही त्याची गरज भासली होती. बेंजामिन ब्लुमेनफेल्ड या सोव्हिएत खेळाडूची एक युक्ती अलेक्झांडर कोटोव्ह यांनी आपल्या पुस्तकातून जगभर पोचवली. खेळी मनाशी पक्की झाली की आधी ती कागदावर लिहायची, आणि मग पटाकडे अगदी नवशिक्याच्या नजरेनं पाहायचं. एका खेळीत मात बसतेय का? वजीर फुकट जातोय का? नाही ना, मग हात लावायचा. विचारांच्या खोल विहिरीतून वर आलेल्या माणसाला काठावरचा दगड दिसत नाही, हे त्या मंडळींना ठाऊक होतं. पुढे २००५ मध्ये ‘फिडे’ या जागतिक बुद्धिबळ संघटनेनं खेळीआधी लिहायला मनाई केली. लिहिणं बंद झालं. नजर बदलायला अजून तरी कुणाची हरकत नाही.

त्यामानाने सुरुवातीच्या खेळ्यांचं पाठांतर मला फारसं पटलेलं नाही. हा माझा पूर्वग्रह असेल. हल्लीच्या पोरांना सिसिलियन, कॅरो-कान, लंडन सगळं तोंडपाठ असतं. समोरच्यानं पाचव्या खेळीला भलतंच प्यादं सरकवलं की ते पाठांतर संपतं आणि डाव सुरू होतो. हौशी डाव बहुधा विसाव्या खेळीच्या आसपास, कुणाचाच जोर नसलेल्या एखाद्या उंटापायी जातात.

मीर सुलतान खान हे नाव इथे आठवतंच. पंजाबातला हा खेळाडू जुन्या देशी पद्धतीवर वाढला. त्या खेळात प्याद्याला पहिल्या खेळीलाही एकच घर मिळे. कॅसलिंग नव्हतं, त्याऐवजी राजाला एकदाच घोड्याची उडी मारायची मुभा असे. डाव संथपणे उलगडायचा. इंग्लंडला गेल्यावर विलायती पद्धतीच्या सुरुवातींत तो कायम कच्चाच राहिला, तरी १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीन वेळा ब्रिटिश अजिंक्यपद घेऊन गेला. हेस्टिंग्जच्या १९३०-३१ च्या स्पर्धेत त्यानं माजी जगज्जेत्या कापाब्लांकाला हरवलं. आणि त्या कापाब्लांकाचं १९२१ चं शिकवणीचं पुस्तक सुरू होतं ते कुठून? साध्या मातांपासून, मोजकी मोहरी उरलेल्या पटापासून.

उरलेल्या पटाचं सौंदर्य मला फार आवडतं. पटाच्या मध्यावर एकच पांढरं प्यादं, चौथ्या रांगेत. त्याच्या लगेच पुढच्या घरात त्याचा राजा. समोर, मधे एक घर सोडून, काळा राजा. बाकी सगळा पट मोकळा. आता खेळायची पाळी काळ्याची असेल तर पांढरा जिंकतो; पांढऱ्याची असेल तर डाव बरोबरीत सुटतो. पाळी ज्याच्यावर, नुकसान त्याचं! ‘या वेळी माझी खेळी राहू द्या’ असं म्हणायची सोय बुद्धिबळात नाही. दोन राजे एकमेकांना अडवून उभे, आणि ज्याला हलावं लागेल त्यानं वाट सोडायची. हे एकदा उमगलं की आपल्या खेळ्यांबरोबर समोरच्याच्याही मोजायची सवय लागते.

मुरलेल्या खेळाडूला पटावर नेमकं काय दिसतं, यावर १९७३ मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. खऱ्या डावातली मांडणी काही सेकंद दाखवली तर मुरलेला खेळाडू ती नवशिक्यापेक्षा कितीतरी अचूक पुन्हा लावू शकतो. मोहरी कशीही विखरून ठेवली की त्याची ही आघाडी जवळजवळ नाहीशी होते. म्हणजे त्याची स्मरणशक्ती अचाट नसते. त्याला सुटी मोहरी न दिसता ओळखीचे पुंजके दिसतात. घोडा एकाच उडीत राजाला शह देतो आणि वजिरावरही मारा करतो, अशी सोपी कोडी रोज थोडी सोडवत राहिलं तर तेच पुंजके आपल्याही डोळ्यांत मुरू लागतात. अवघड कोड्यांशी तासभर झटण्यात रुबाब जास्त, लाभ कमी.

आता मोबाइलमध्ये एक बघ्या येऊन बसलाय. डाव संपताच तो प्रत्येक खेळीला गुण देतो, बाण काढून बरोबर खेळी दाखवतो. त्याचं चुकत नाही, पण ‘का’ ते सांगायचं त्याच्या अंगात नाही. म्हणून त्याला विचारण्याआधी तोच डाव एकदा पलीकडच्या बाजूनं लावून बघावा. ॲपमध्ये पट फिरवायचं बटण असतं. लाकडी पटावर मात्र उठून जावं लागतं. मोठ्या स्पर्धांत ग्रँडमास्टर खुशाल समोरच्याच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहतात. कट्ट्यावर कुणी असं केलं की लगेच चौकशी होते.

‘काय हो, उठलात? सोडला डाव?’

‘छे! तुमच्या बाजूनं कसं दिसतंय ते बघतोय.’

‘झकास दिसतंय,’ पलीकडचा म्हणतो.