दुकानाचा मजकूर

आग्रा रोडने सोनगीर सोडून शिरपूरकडे निघालं की नरडाणा लागतं. इथे एमआयडीसी आहे, सुरत–भुसावळ मार्गावरचं स्टेशन आहे आणि हमरस्त्याच्या दोन्ही अंगांना दुकानं आहेत. ठिबकचं सामान, बी-बियाणं, मोटार रिवायंडिंग, टायर, कामगारांसाठी खानावळी. मी या दुकानांसाठी लिहितो. हा माझा पोटाचा धंदा आहे असं सांगितलं की लोकांना वाटतं, हा पाट्या रंगवतो. पाट्याही केल्या आहेत. पण मुख्य काम म्हणजे दुकानदाराच्या नावाने दर आठवड्याला एक मजकूर लिहून देणं. तो दुकानाबाहेरच्या फळ्यावर लागतो, गिऱ्हाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर जातो, कधी बिलाच्या पाठीवर छापला जातो.

हे काम बिघडतं ते बहुतेक वेळा पहिल्याच ओळीत. दुकानदार म्हणतो, "लिहा ना भाऊ, आमच्याकडे सर्व प्रकारचा माल योग्य दरात मिळेल. तत्पर व विनम्र सेवा. एकदा अवश्य भेट द्या." हेच शेजारच्या दुकानावर लिहिलेलं असतं, समोरच्याही. त्यात खोटं काही नसतं; पण वाचण्यासारखंही काही नसतं. दोंडाईचाहून मिरची विकून परतणाऱ्या माणसाला तुमच्या विनम्रतेशी काय देणंघेणं? त्याच्या विहिरीवरची मोटार बंद पडली आहे.

म्हणून मी आधी लिहीत नाही. गल्ल्याच्या बाजूला स्टूल टाकून बसतो आणि गिऱ्हाईक काय विचारतं ते टिपून घेतो. रिवायंडिंगच्या दुकानात एक प्रश्न दिवसभर या ना त्या तोंडून येतच राहतो: "हाई मोटार कसाले जळी गयी, भाऊ?" मागच्याच हंगामात भरून नेलेली मोटार पुन्हा आली की विचारणाऱ्याच्या आवाजात थोडा संशयही असतो. आणि मिस्त्री, जो माझ्यासमोर "आपल्याला काय लिहिता येतं?" म्हणत लाजतो, तोच त्या शेतकऱ्याला उघडलेल्या मोटारीजवळ नेऊन बोटाने दाखवायला लागतो. सगळ्या गुंडाळ्या सारख्याच काळ्या पडल्या असतील, तर व्होल्टेज कमी होतं किंवा मोटारीवर भार जास्त होता. भार तोच राहून व्होल्टेज पडलं की मोटार जास्त करंट ओढते आणि तापते. काही गुंडाळ्या कोळसा झाल्या आणि मधल्या काही नव्यासारख्या तांबूस राहिल्या, तर एक फेज गेला होता आणि मोटार उरलेल्या दोनवर ओढत राहिली. बोअरमधली मोटार असेल आणि बुश घासून गेले असतील, तर पाणी खाली गेल्यावरही ती कोरडी फिरली. पाण्यातल्या मोटारीला थंड ठेवतं ते पाणीच.

यापेक्षा चांगला मजकूर मला सात जन्मात सुचला नसता. मी फक्त तो उतरवला, दोन जळालेल्या मोटारींचे फोटो शेजारी-शेजारी लावले आणि वर लिहिलं: "तुमची मोटार कशाने जळाली, ते तुम्हीच बघा." दुकानाचं नाव सगळ्यात खाली, बारीक अक्षरात.

माझ्या धंद्याचं सगळं शिक्षण मला विचाराल तर एवढंच आहे. दुकानदार जे तोंडाने रोज फुकट सांगतो, तेच लिहायचं. त्याला लिहायला सांगितलं की तो एकदम लग्नपत्रिकेच्या भाषेत शिरतो, म्हणून त्याला लिहू द्यायचं नाही. बोलू द्यायचं.

इथे मिस्त्री अडतो. "सगळंच सांगून टाकलं तर माझ्याकडे येईल कोण?" शंका रास्त आहे. मजकुरात आम्ही असंही लिहिलं होतं की स्टार्टरमध्ये सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवा, आणि बसवलेला असेल तर तो वायर मारून बाजूला काढू नका. शेतीची वीज पाळीपाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री. झोपमोड नको म्हणून लोक ऑटो स्विच लावून ठेवतात. लाइट आली की मोटार आपोआप सुरू होते, पण कोणता फेज आला नाही हे बघायला तिथे कुणी नसतं. हे सगळं लोकांनी ऐकलं तर मोटारी कमी जळतील, हे खरंच आहे. पण ज्याने मोटार वाचवायला शिकवलं, त्याच्याकडेच माणूस जळालेली मोटार आणतो. तांब्याची तार म्हणून दुसरंच काही भरलं जाईल ही भीती त्याला तिथे वाटत नाही. रिवायंडिंगच्या धंद्यात गिऱ्हाइकाला आतलं दिसत नाही. जिथे दिसत नाही, तिथे सगळा व्यवहार विश्वासावर चालतो आणि तो विश्वास "विश्वासाचे एकमेव ठिकाण" असं लिहून येत नाही.

मिस्त्रीला पटावं म्हणून मी त्याला किर्लोस्करांची गोष्ट सांगतो. त्याच्या दुकानात त्या नावाचा पंप कायम उघडलेला पडलेला असतोच. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेळगावात लोखंडी नांगर केला, तेव्हा शेतकरी तो घ्यायला तयार नव्हते. लोखंडाने जमीन नासते, असा समज होता. १९१० मध्ये औंध संस्थानात कुंडल रोड स्टेशनजवळ किर्लोस्करवाडी वसली, आणि १९२० मध्ये त्या कारखान्यातून एक मासिक निघालं, 'किर्लोस्कर खबर'. संपादक होते लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव, मूळचे चित्रकार. कारखान्याची आणि मालाची माहिती गिऱ्हाइकापर्यंत जावी म्हणून निघालेलं हे पत्र. पण ते आपल्याच कारखान्याच्या कौतुकात अडकून राहिलं नाही. वाचणाऱ्याला ज्या ज्या गोष्टीची ओढ होती, तिकडे ते गेलं. १९२९ मध्ये नावातली 'खबर' गळाली, नुसतं 'किर्लोस्कर' राहिलं. १९३० मध्ये 'स्त्री' निघालं, १९३४ मध्ये 'मनोहर'. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध 'किर्लोस्कर'मध्ये आले. मराठीतल्या नावाजलेल्या मासिकांचं एक घराणं नांगर-चरकाच्या कारखान्यात जन्मलं, याची गंमत मला अजून वाटते.

अमेरिकेतही हे काम एका नांगरवाल्याच्याच कंपनीने आधी केलं होतं. जॉन डियरच्या कंपनीने १८९५ पासून 'द फरो' नावाचं शेतकऱ्यांसाठीचं पत्र काढलं, ते अजून निघतं. नांगर काही दर महिन्याला विकत घेत नाही कुणी. मधल्या काळात बोलणं चालू ठेवायला लिहिणं लागतं, हे दोघांनाही कळलं होतं.

मिस्त्री यावर म्हणाला, "ते मोठे लोक." किर्लोस्करही सुरुवातीला बेळगावातले एक सायकलवालेच होते, हे मी त्याला सांगितलं. त्यावर तो काही बोलला नाही, पण पुढच्या आठवड्याचा विषय त्यानेच दिला.

नेमाने लिहिण्याबद्दल बोलायचं तर उदाहरण आणखी जवळ आहे. नरडाण्याहून भुसावळकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की बेटावद मागे टाकून अमळनेर येतं. तिथल्या प्रताप हायस्कूलच्या वसतिगृहात साने गुरुजी मुलांसाठी हाताने लिहून 'छात्रालय' दैनिक काढत. दैनिक, तेही हस्तलिखित, आणि वाचक म्हणजे एका छपराखालची मुलं. गुरुजींच्या नावाशी धंद्याचा मजकूर जोडल्याने कुणी रागावेल, तर रागावो. मला त्यातून एवढंच घ्यायचं आहे की वाचक थोडे असले तरी चालतं, ते माहितीचे असले पाहिजेत. माझ्या मिस्त्रीचे वाचक म्हणजे आसपासच्या गावांतले मोटारवाले. त्यांच्या विहिरी त्याला माहीत आहेत. "महाराष्ट्रातील तमाम शेतकरी बंधूंनो" असं लिहायची गरजच काय?

भाषेचा गुंता मात्र खराच आहे. आमचं गिऱ्हाईक बोलतं अहिराणी आणि वाचतं पुस्तकी मराठी. मध्यंतरी अहिराणीत जाहिरात करायची लाट आली होती. तिच्यातल्या बऱ्याच जाहिराती नुसत्या खिदळणाऱ्या होत्या. आपली बोली फक्त हसण्यासाठी वापरलेली लोकांना कळते, आणि ते हसतात पण माल दुसरीकडून घेतात. मी प्रश्न अहिराणीत ठेवतो, जसा विचारला तसा. उत्तर साध्या मराठीत. मिस्त्रीच्या तोंडचे फेज, बुश, कपॅसिटर हे शब्द तसेच राहू देतो. कुणी "धारित्र" लिहून दिलं तर दुकानात हसू होईल.

दराबद्दल दुकानदार सगळ्यात जास्त कां-कूं करतात. शेजारी बघेल, म्हणतात. शेजाऱ्याला तुमचा दर आधीच पाठ आहे. माहीत नाही तो फक्त गिऱ्हाइकाला. नेमका आकडा नको असेल तर दर कशाने बदलतो तेवढं तरी लिहा: किती एचपीची मोटार, तांबं किती किलो जातं, बुश बदलायचे की नाही. दुरुस्तीत पैसे घालण्यापेक्षा नवी घेतलेली बरी, अशी मोटार कोणती, हेही लिहा. ही ओळ मिस्त्री मला लिहू देत नव्हता. आता तो ती स्वतःहून सांगतो.

आणि वेळ. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी आलेल्या असतात, सालदारांचे नवे करार होत असतात. त्या दिवसांत ठिबकच्या नळ्यांमधला क्षार कसा काढावा हे कोण वाचणार? तेच मृगाच्या तोंडावर, नळ्या पसरायच्या आधी, लोक स्वतःहून विचारत येतात. उन्हाळ्यात बोअरचं पाणी खाली जायला लागलं की कोरड्या फिरणाऱ्या मोटारीचा मजकूर. कापसाचे पैसे हातात आले की नव्या स्टार्टरचा. सणाच्या शुभेच्छांवर मालकाचा हात जोडलेला फोटो टाकायचं काम मी घेत नाही. ते मोबाइलवर कुणालाही करता येतं आणि कुणीही वाचत नाही.

बोरविहीर–नरडाणा रेल्वेचं काम चालू आहे, एमआयडीसीत परप्रांतातली माणसं वाढली आहेत. उद्या खानावळीचा फळा हिंदीतही लिहावा लागेल. तेव्हाही आधी विचारावंच लागेल की ती माणसं जेवायला बसल्यावर काय मागतात.

नरडाण्यात, शिंदखेड्यात, कुठेही तुमचं लहानसं दुकान असेल, तर आज गल्ला मोजून झाला की दिवसभरात दोघा-तिघांनी विचारलेला एकच प्रश्न कागदावर घ्या आणि त्यांना जे सांगितलंत तेच खाली लिहा. पहिलं वाक्य "आमच्याकडे" या शब्दाने सुरू झालं, तर ते खोडा आणि उरलेलं फळ्यावर लावा.