हिंजवडीची माती आणि फौजी माणसाची बाग

पुण्याहून मुंबई-बंगळूर महामार्ग ओलांडून पश्चिमेला वळलात की मुळशी तालुक्यातले हिंजवडी गाव लागते. आज हे नाव काढले की काचेच्या उंच इमारती, संगणकाच्या कंपन्या आणि मुंगीच्या चालीने सरकणाऱ्या मोटारींची रांग डोळ्यांपुढे येते. पण गावकऱ्याला विचाराल तर तो आधी ग्रामदैवत म्हातोबाचे नाव घेईल. चैत्रात यात्रा भरते, बगाड निघते आणि हिंजवडी-वाकडची माणसे त्यामागे एकदिलाने चालतात. बगाड आले म्हणजे बैल आले, बैल आले म्हणजे शेती आली. हे गाव मुळात कुणाचे, ते त्या दिवशी कळते.

एकोणीसशे नव्वदच्या दशकाअखेरीस औद्योगिक विकास महामंडळाने इथे राजीव गांधी इन्फोटेक पार्क वसवायला घेतले. हिंजवडी, माण, मारुंजी या भागातली राने बघता बघता बदलली. ज्यांनी जमिनी दिल्या त्यांना आपण दोष देणार नाही. पैसा आला, पोरे शिकली, गाळे उभे राहिले. मात्र जमीन बदलली म्हणून पाण्याने आपली वाट सोडली नाही. 2025 च्या पावसाळ्यात इथल्या रस्त्यांची तळी झाली आणि ओढेनाले बुजवल्याची, वळवल्याची चर्चा घरोघर झाली. बांधावर उभ्या राहणाऱ्या कुणाही शेतकऱ्याने हे आधीच सांगितले असते.

जमिनीचा उंचसखलपणा, पाण्याची वाट आणि आडोसा या तीन गोष्टी पहिल्या नजरेत हेरणारी माणसे दोन. एक फळबागाईतदार, दुसरा फौजी. आणि आपल्या महाराष्ट्रात ही दोन माणसे पुष्कळदा एकाच घरात, किंबहुना एकाच अंगरख्यात सापडतात.

तुमच्याही गावात असा कुणी असेल. 1965 किंवा 1971 ची लढाई पाहिलेला, आता पाठीत वाकलेला, पण पहाटे पाचला उठून झाडांच्या आळ्यात हात घालणारा. 2022 पूर्वी फौजेत भरती झालेला साधा जवान पंधरा-सतरा वर्षांची नोकरी करून पस्तिशी-चाळिशीत घरी येतो. पेन्शन असते, अंगात ताकद असते, आणि पुढे अर्धे आयुष्य पडलेले असते. तोवर शेत कुणी राखलेले असते? घरधनिणीने. नवरा सीमेवर असताना पेरणी, कापणी, सासू-सासऱ्यांचे दुखणे आणि पोरांची शाळा तिनेच ओढलेली असते. म्हणून फौजी माणसाच्या बागेचा निम्मा मान तिचा, हे आधी सांगितले पाहिजे.

लढाईतून परत आलेला माणूस मातीकडे वळला म्हणजे काय होते, याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण पुण्यापासून फार लांब नाही. पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीचे किसन बाबुराव हजारे, म्हणजे आपले अण्णा, हे फौजेत मोटारचालक होते. 1965 च्या युद्धात खेमकरण भागात त्यांच्या गाडीवर हल्ला झाला. सोबतचे जवान गेले, अण्णा वाचले. 1975 साली ते फौज सोडून गावी आले. गाव दुष्काळी, पाऊस तुटपुंजा, विहिरी कोरड्या. त्यांनी आधी पाणी हाती घेतले. नालाबांध, पाझर तलाव, श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी. झाडे त्यामागून आली. त्यांच्या पुढच्या राजकारणाबद्दल कुणाचे मत काहीही असो, पण आधी पाणी आणि मग झाड हा क्रम बागेत उलटा चालत नाही, एवढे राळेगणने दाखवले.

आता हिंजवडीकडून पुन्हा पुण्याच्या दिशेने या. औंध ओलांडले की गणेशखिंड लागते. इथे सरकारी फळबाग आहे, तीही एकोणिसाव्या शतकापासूनची. डाळिंब लावणाऱ्या मंडळींनी या जागेला हात जोडावेत. डॉ. चीमा यांनी 1936 साली इथेच आळंदी जातीच्या रोपांतून एक झाड निवडले. मऊ बियांचे, गोड दाण्याचे. त्या जातीला 'गणेश' हे नाव मिळाले 1970 साली. म्हणजे निवडीपासून नावापर्यंत चौतीस वर्षे गेली! पुढे राहुरीच्या कृषी विद्यापीठाने याच गणेशचा संकर करून भगवा, मृदुला, आरक्ता या जाती दिल्या. सोलापूर-नाशिकच्या माळावर ज्या डाळिंबाने घरे उभी केली, त्याचे एक मूळ या खिंडीत आहे.

फौजी माणसाला बाग का मानवते, याचे उत्तर या चौतीस वर्षांत आहे. चौकीवर उभा राहिलेला जवान रोज काही घडावे अशी अपेक्षा ठेवत नाही. पहारा चुकवायचा नाही, एवढेच त्याला ठाऊक. आंब्याचे कलम लावले तर धरतीवर यायला चार-पाच वर्षे लागतात. तोवर पाणी, वाळवी, मोकाट जनावरे आणि उन्हाळा यांच्याशी रोजची चकमक असते. घाई करणाऱ्याची बाग दुसऱ्या उन्हाळ्यात जळते.

तुमच्या घरातला कुणी फौजेतून परतणार असेल, तर पेन्शनीचा सगळा पैसा घरावर आणि गाडीवर घालण्याआधी एक एकराचा विचार करा. मीटरभर लांब, रुंद, खोल खड्डे उन्हाळ्यात खणून तापू द्या. आंबा दहा मीटरवर लावा. हेक्टरी शंभर झाडे बसतात. पाणी कमी असेल तर सीताफळ पाच मीटरवर लावा, हेक्टरी चारशे बसतील. पहिली वर्षे मधल्या पट्ट्यात कडधान्य घ्या, म्हणजे चूल थांबत नाही. 1990 पासून महाराष्ट्रात फळबाग लागवडीला रोजगार हमीची जोड मिळाली आहे. तुमच्या जमिनीला आज कोणती योजना लागू आहे, ते सहायक कृषी अधिकाऱ्याला विचारा. आणि सातबाऱ्यावर घरधनिणीचेही नाव लावून घ्या.

हिंजवडीसारखा रस्ता उद्या तुमच्याही शिवारात येईल. सौदा करायचा की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. पण ओढ्याकाठचा तुकडा आणि त्यावरची झाडे सौद्यातून बाहेर ठेवता आली तर ठेवा. इमारतीचा गाळा रिकामा पडला तर भाडे थांबते. आंब्याचे झाड जपले तर नातवंडेही त्याची फळे खातात.