बर्फाची पेठ

डेन्व्हरहून पश्चिमेस निघालेला महामार्ग रॉकी पर्वतात शिरला की बर्फावरील स्कीइंगच्या स्थळांची जणू पेठच उघडते. पेठ म्हटली की भावाची चढाओढ आलीच.

१९९८ साली विंटर पार्कने चौघांसाठी ८०० डॉलरचे हंगामी पास काढले. शेजाऱ्यांनाही भाव उतरवावे लागले. २००८ मध्ये व्हेल कंपनीचा अनेक पर्वतांवर चालणारा ‘एपिक’ पास ५७९ डॉलरला आला. २०१८ मध्ये ‘आयकॉन’ ८९९ डॉलरला स्पर्धेत उतरला.

हे पास मुख्यतः हिवाळ्याआधीच विकले जातात. रोकड विक्रेत्याच्या गल्ल्यात, अपुऱ्या बर्फाची जोखीम ग्राहकाच्या माथी! ८९९ डॉलरचा पास वीस दिवस वापरला तर दिवसाला ४५ डॉलर पडतात, चारच दिवस वापरला तर २२५. स्वस्ताई फलकावर नसते, या भागाकारात असते.