खिदमत आणि तिजारत

नववीच्या वर्गात मराठीचा तास होता. मुलं उर्दू माध्यमाची, त्यामुळे नवा मराठी शब्द आला की आधी त्याचा उर्दू जोडीदार शोधायचा, ही माझी जुनी सवय. सेवा म्हणजे खिदमत, व्यापार म्हणजे तिजारत. तो जुलै 2025 चा शेवटचा आठवडा होता. भारत आणि ब्रिटनच्या व्यापार करारावर नुकत्याच सह्या झाल्या होत्या. उताऱ्याऐवजी मी तीच बातमी वाचायला दिली. तिच्यात 'सेवांचा व्यापार' असे शब्द आले आणि मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मिस, खिदमत की तिजारत कैसे होती है?"

वर्ग हसला, मीही हसले. घरी पोचेपर्यंत मात्र तो प्रश्न डोक्यातून गेला नव्हता.

या तिजारतीचा मूळ करार 'गॅट्स' या नावाने ओळखला जातो. 1994 मध्ये मोरोक्कोतल्या मराकेशला त्यावर सह्या झाल्या आणि जागतिक व्यापार संघटनेसोबत तो 1 जानेवारी 1995 पासून लागू झाला. ही तारीख आमच्या जोगेश्वरीच्या वस्तीत लहान पोरालाही पाठ होती, पण वेगळ्या कारणाने. 1 जानेवारी 1995 च्या आधीची झोपडी असेल तर संरक्षण आणि अधिकृत नळ. नंतरची असेल तर तुमचं तुम्ही बघा. (पुढे ही मर्यादा 2000 पर्यंत आली.) जगासाठी ज्या दिवशी सेवांची दारं उघडायला सुरुवात झाली, नेमक्या त्याच दिवशी आमच्याकडे नळाचं दार बंद झालं. हा निव्वळ योगायोग आहे, हे मला कळतं. तरी विसरता येत नाही.

सेवा चार तऱ्हांनी सीमा ओलांडते, असं गॅट्स सांगतो. मालाडच्या कॉल सेंटरमधून मुलगी अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाशी बोलते, ही पहिली. ओमानचा रुग्ण उपचारासाठी मुंबईत येतो, ही दुसरी. परदेशी कंपनी इथे येऊन दुकान थाटते, ही तिसरी. आणि इथला संगणकवाला काही काळ तिकडे कामाला जातो, ही चौथी. आपल्या सरकारचा जीव या चौथीत अडकलेला असतो, आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही. कोकणातल्या ज्या घरात आखाताचा पैसा आला नाही, असं घर मला तरी माहीत नाही. अर्थात मामूजानची कुवेतची नोकरी या करारात नीट बसत नाही. तो कायमस्वरूपी नोकरभरतीचा करार नव्हेच.

पेच तिसऱ्या तऱ्हेत आहे. सरकारी अधिकारात दिल्या जाणाऱ्या सेवा गॅट्समधून वगळलेल्या आहेत. मात्र अशी सेवा धंदा म्हणून दिलेली नसावी आणि ती दुसऱ्या कुणाशी स्पर्धेतही नसावी. हे वाचताना मला आमची शाळा आठवते. तिच्या आसपास फीवाल्या चार शाळा आहेत. मग आम्ही स्पर्धेत आहोत की नाही? यावर कायदेपंडित आजही वाद घालतात. एक गोष्ट मात्र स्पष्ट आहे. एखादं क्षेत्र देशाने यादीत लिहून दिलं की ते मागे घेता येतं ते तीन वर्षांनंतर, आणि तेही ज्यांचं नुकसान होईल त्या देशांना बदल्यात दुसरं काही मोकळं करून देऊन. म्हणजे मत बदलायची किंमत आधीच ठरवून ठेवलेली असते.

ही मत बदलण्याची गोष्ट मी माझ्याच प्रभागात पाहिली. 2006 साली के-पूर्व प्रभागात, म्हणजे अंधेरी, जोगेश्वरी आणि विलेपार्ल्याच्या पूर्व भागात, पाणीवाटप खासगी कंपनीकडे देता येईल का, याचा अभ्यास चालू होता. पाठबळ जागतिक बँकेचं, सल्लागार कंपनी कॅस्टालिया. प्रभागाची वस्ती आठ लाखांच्या घरात. मी तेव्हा बीएड संपवून नोकरी शोधत होते. आमच्या गल्लीत नळ नव्हता. एक माणूस कुठून तरी पाइप ओढून आणायचा आणि हंड्यामागे पैसे घ्यायचा. पहाटे फजरच्या आधी रांग लागायची. त्या रांगेत उभं राहून मी बालमानसशास्त्राच्या नोट्स पाठ केल्या आहेत.

त्यामुळे आमच्या घरात वाद वेगळाच झाला. बाहेर कार्यकर्ते खासगीकरणाविरुद्ध पत्रकं वाटत होते आणि अम्मी म्हणत होती, "येऊ दे की कंपनी. निदान बिल तरी देईल. हा मेला बिलसुद्धा देत नाही." तिचं खोटं नव्हतं. खासगीकरण आमच्याकडे आधीच झालेलं होतं, फक्त त्याचा अहवाल कुणी लिहिला नव्हता. अब्बांचं म्हणणं एवढंच, "कंपनीने पाणी तोडलं तर मोर्चा न्यायचा कुठे?"

प्रभागात सभा झाल्या, विरोध वाढला आणि ती योजना अखेर गुंडाळली गेली. कुणाला भरपाई द्यावी लागली नाही. परदेशी कंपनीशी करार झालेला नव्हता आणि पाणी भारताने गॅट्सच्या यादीत लिहून दिलेलं नव्हतं, म्हणून हे जमलं. बोलिव्हियातल्या कोचाबांबा शहराला हे इतकं स्वस्तात पडलं नाही. तिथे पाण्याचे दर भडकले, लोक रस्त्यावर उतरले आणि 2000 च्या एप्रिलमध्ये बेक्टेलची भागीदारी असलेल्या कंपनीला जावं लागलं. मग कंपनीने गुंतवणूक कराराचा आधार घेऊन जागतिक बँकेच्याच लवादाकडे भरपाई मागितली. जगभरातून टीका झाली तेव्हा 2006 च्या जानेवारीत तिने नाममात्र रकमेवर दावा सोडला. म्हणजे आमच्याकडे सल्लागार हिंडत होते, तेच वर्ष.

शिक्षणाचं प्रकरण अजून लोंबकळतं आहे. 2005 मध्ये भारताने उच्च शिक्षण अटींसह खुलं करायची तयारी गॅट्सच्या वाटाघाटींत दाखवली. दोहा फेरीच रखडल्याने ते पक्कं झालं नाही. 2015 च्या डिसेंबरमध्ये नैरोबीला परिषद होती, तेव्हा हा प्रस्ताव मागे घ्या म्हणून विद्यार्थी आणि शिक्षक दिल्लीत आंदोलनाला बसले होते. आमच्या स्टाफरूममध्ये त्या दिवसांत चर्चा होती ती चाचण्यांच्या गुणपत्रकांची.

ब्रिटनच्या नव्या करारात केंद्र सरकारची काही कंत्राटं ब्रिटिश कंपन्यांना खुली झाली आहेत. राज्यं आणि महापालिका त्यातून बाहेर आहेत. म्हणजे अब्बांच्या मोर्चाचा पत्ता अजून शाबूत आहे म्हणायचा. पण मार्च 2022 मध्ये मुंबईच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची काही वर्षं कारभार प्रशासकाकडे होता. कुठल्याही कराराशिवाय तो पत्ता असा रिकामा राहू शकतो, हे अब्बांच्या हिशेबात नव्हतं. पाण्याच्या बाबतीत या शहरात जे थोडंफार हललं, ते उच्च न्यायालयामुळे. झोपडी अनधिकृत असली तरी माणसाला पाणी नाकारता येत नाही, असं न्यायालयाने डिसेंबर 2014 मध्ये सांगितलं. सगळ्यांना पाणी देण्याचं महापालिकेचं धोरण लागू झालं ते 2022 च्या मे महिन्यात. मधली साडेसात वर्षं लोक हंडे भरत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी वर्गाला गृहपाठ दिला, सेवा आणि व्यापार हे दोन्ही शब्द एकाच वाक्यात वापरा. बऱ्याच जणांनी दुकानदाराने सेवा दिली, डॉक्टरांनी सेवा केली, अशी वाक्यं आणली. मागच्या बाकावरचा तो मुलगा पहिला तास बुडवून आला. पाण्याची पाळी होती म्हणाला. त्याच्या वहीत होतं, 'आमच्या गल्लीत पाण्याची सेवा नाही, पाण्याचा व्यापार आहे.' मी व्याकरण तपासलं, विभक्ती बरोबर होती. बरोबरची खूण करून वही परत दिली आणि हजेरीपटावरचा त्याचा उशिराचा शेरा खोडला.