शेवाळ आणि उकळते पातेले

माझ्या दिवाणखान्यात दोनशे लिटर खाऱ्या पाण्याची एक काचपेटी आहे. तीत काही खडक, दोन क्लाउनफिश आणि खडकांवर उमललेली, शर्टाच्या बटणाएवढी रंगीत झोअँथिड. दवाखान्यातून परतल्यावर घटकाभर तिच्यासमोर बसणे हा माझा विसावा. गेल्या पावसाळ्यात त्या खडकांवर केसांसारखे हिरवे शेवाळ वाढले. मी ते ब्रशने खरवडले. पंधरा दिवसांत ते पुन्हा उगवले. असे तीनदा झाले.

मग माझ्यातील डॉक्टर मागे पडला आणि उतावळा रुग्ण पुढे आला. साध्या सर्दीला अँटिबायोटिक मागणाऱ्यांना मी रोज समजावतो. तोच मी टाकीत एरिथ्रोमायसिन घालण्याचा विचार करू लागलो. हिरव्या शेवाळावर ते चालत नाहीच. उलट पाणी शुद्ध राखणारे उपयुक्त जिवाणू मरण्याचे भय. तो बेत सोडला आणि एका रविवारी खडक उकळून काढण्याचे ठरवले. पातेले गॅसवर चढले. तेवढ्यात पत्नी म्हणाली, "अहो, त्या जिवांची वाफ घरभर पसरणार नाही का?"

मी थबकलो. काही झोअँथिडांत पॅलीटॉक्सिन नावाचे अतिशय तीव्र विष असते. उकळल्याने ते नष्ट होत नाही. वाफेबरोबर श्वासात जाऊ शकते. परदेशांत अशा प्रकारे खडक उकळल्याने कुटुंबेच्या कुटुंबे रुग्णालयात दाखल झाली आहेत. धाप, खोकला, थंडीताप, स्नायुदुखी आणि तोंडात धातूसारखी चव ही त्याची लक्षणे. त्यावर उतारा नाही. लक्षणांनुसारच उपचार करावे लागतात. मी गॅस बंद केला.

त्या रात्री मी टाकीकडे रुग्ण म्हणून पाहिले आणि तिची दिनचर्या विचारली. घरातील प्रत्येक जण माशांना प्रेमाने खाऊ घालत होता. दिवे अकरा तास जळत होते. बाष्पीभवनाने घटलेले पाणी मी थेट नळाचे भरत होतो. उरलेले अन्न आणि नळाचे पाणी यांतून नायट्रेट व फॉस्फेट साचत होते. शेवाळाला तेच खाद्य. शेवाळ हा रोग नव्हताच, ते लक्षण होते.

उपचार साधे ठरले. खाणे दिवसातून एकदा, चिमूटभर आणि एकाच्याच हाताने. दिवे आठ तास. शुद्ध केलेले पाणी, आणि दर आठवड्याला दहा टक्के पाणीबदल. शेवाळ हातमोजे घालून उपटणे, सोबतीला काही गोगलगायी. क्षार अगदी शून्यावर आणले नाहीत. प्रवाळांनाही थोडे पोषण लागतेच. चार महिन्यांनी खडक मोकळे झाले.

आपल्या घरी अशी टाकी असेल, तर एवढे लक्षात ठेवा. खडक उकळू नका, त्यांवर गरम पाणी ओतू नका, हाताला जखम असताना पाण्यात हात घालू नका. सफाईनंतर धाप किंवा ताप आला, किंवा हातावर न भरणारी गाठ उठली, तर डॉक्टरांना टाकीविषयी आवर्जून सांगा. आम्ही ते विचारायला विसरू शकतो.

आणि वजन, साखर वा रक्तदाब चार दिवसांत उतरवण्याची घाई होईल, तेव्हा गॅसवरचे ते पातेले आठवा. मला ते रोज आठवते.