यशोदेच्या घरची विचारपूस

दत्तक म्हणजे काय, हें आपल्या घराघरांतून ठाऊक आहे; प्रतिपालन मात्र अद्याप तितकें परिचयाचें नाहीं. दत्तकानें मूल कायमचें दुसऱ्या घरचें होतें. प्रतिपालनांत आईबाप नसतील वा असमर्थ असतील, तोंवर दुसरें कुटुंब मुलास सांभाळतें. मुलाचें नांव, गोत्र व वारसा जेथल्या तेथें राहतात. २०१५ च्या बालन्याय कायद्यानें यास मान्यता दिली आहे. महाराष्ट्रांत बालसंगोपन योजनेखालीं मदतही मिळते. २०२३ सालीं ती दर मुलामागें दरमहा ११०० रुपयांवरून २२५० रुपये झाली.

मूल सोंपविण्यापूर्वीं गृहचौकशी होते. आमच्या कारंज्यास अशा एका चौकशीच्या वेळीं मी शेजारी या नात्यानें हजर होतों. संत्र्यांच्या बागेंत मजुरी करणारी एक विधवा बाई आपल्या पोरक्या भाच्यांना घरीं आणणार होती. घर पक्कें आहे काय, मिळकत किती, कोणास व्यसन आहे काय, असे प्रश्न झाले. ते आवश्यकच होत. परंतु ‘बाई, तुम्हांला काय लागेल?’ हा प्रश्न राहून गेला. मागाहून मी तो विचारला, तेव्हां ती म्हणाली, “गुर्जी, पोट त भरतो मी, पन लहाना रातच्याले दचकून उठते, त्याले का सांगू?”

मग एकेक गोष्ट निघाली. आईबापांच्या मृत्यूचे दाखले व्हावयाचे होते. मुलांचें बँकेंत खातें नव्हतें. वर्धेस एक खेप म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडणार. आणि स्वतःची मुलगी अंथरुणाची वांटणी झाल्यामुळें रुसली होती. यांतील किती गोष्टी मिळकतीच्या रकान्यांत मावतील?

यशोदेचें कौतुक आपण पिढ्यान्‌पिढ्या करीत आलों. पण नंदाचें घर गोधनानें भरलेलें होतें आणि सारें गोकुळ तिच्या पाठीशीं उभें होतें, हें विसरतों. योग्यता पाहणें हें चौकशीचें अर्धें काम; उणीव जाणून ती भरून काढणें हें उरलेलें अर्धें.

तें एकट्या सरकारचें नव्हे. पूर्वीं आपल्याकडे गरीब विद्यार्थी वार लावून जेवीत. एका घरावर सात दिवसांचा भार पडत नसे, म्हणूनच तो कोणास जड झाला नाहीं. अशा कुटुंबांसाठींही वार लावून घेतां येतील. कोणी मुलांचा अभ्यास घ्यावा, कोणी अर्ज लिहून द्यावा, कोणी वर्धेच्या खेपेस सोबत जावें. पेन्शनर मंडळींजवळ वेळ असतो. निदान एक वार तरी आपणांस घेतां येईल.