अग्रशाळेची काकी

परक्यांच्या घरांचे कागद तपासण्यात आमची वीस वर्षे गेली; स्वतःच्या घराचे कागद मात्र आम्ही गेल्या वर्षापर्यंत उलगडून पाहिले नव्हते. अंत्रुज महालातील आमचे घर जुने, राजांगणाचे आहे. ते पणजोबांनी राखले आणि त्यांची विधवा भावजय वैराग्याने घर सोडून देवळाच्या अग्रशाळेत राहावयास गेली, ही कथा आम्ही लहानपणापासून भक्तिभावाने ऐकत आलो. घरात तिचा उल्लेख ‘अग्रशाळेची काकी’ असाच होई. तिचे नाव कोणास ठाऊक नव्हते.

छप्पर दुरुस्त करावयाचे म्हणून मालकीचा शोध सुरू झाला. गोव्यात असा शोध पायरीपायरीने मागे जातो. प्रथम जमिनीचा एक-चौदाचा उतारा. पण तो मुक्तीनंतरच्या मोजणीचा. त्याहून मागे जाण्यास भूनोंदणीची पोर्तुगीज पुस्तके उघडावी लागतात. त्यांत मिळकतीचा वर्णनक्रमांक, चतुःसीमा आणि ती कोणाकडून कोणाकडे गेली, हे सारे असते. आमच्या घराच्या नोंदीने आम्हांस 1961 पूर्वीच्या एका ‘इन्व्हेंतार’कडे, म्हणजे वारसांच्या वाटपाच्या प्रकरणाकडे नेले.

तेथे काकीचे नाव होते. 1867 चा पोर्तुगीज नागरी कायदा 1870 पासून गोव्यात लागू झाला. त्यान्वये, विवाहापूर्वी निराळा करार नसल्यास, पतिपत्नींच्या सामाईक मालमत्तेत निम्मा वाटा पत्नीचा असे. ‘अर्धांगी’ हा शब्द आपण लग्नमांडवात आदराने उच्चारतो. या कायद्याने त्याचा हिशेब मांडला. म्हणूनच जे नाव घरच्यांनी विसरले, ते परक्यांच्या भाषेतील कागदात टिकले.

घराचे तुकडे करणे शक्य नसल्याने हक्कदारांत बोली झाली. पणजोबांची बोली सर्वांत मोठी ठरली. घर त्यांस मिळाले, आणि काकीच्या हिश्श्याची रक्कम त्यांनी तीस द्यावी असे ठरले. रक्कम पोचल्याची पावती प्रकरणात नाही. घरच्या पेटीतही नाही.

पावती नसणे म्हणजे पैसे न देणे नव्हे, हा युक्तिवाद आम्ही न्यायालयात अनेकदा केला आहे. त्या रात्री तो आमच्या तोंडून निघेना. काकीस वैराग्य आले असेलही. पण जिच्यापाशी बोली लावण्यास पैसा नव्हता, तिच्या घर सोडण्यास वैराग्य म्हणणे आम्हां घरात राहिलेल्यांस फारच सोयीचे होते.

आम्ही वृद्ध आत्यांस विचारले. “मेलेल्यांची वाटणी पुन्हा कशाला करतोस रे?” त्या प्रथम रागावल्या. मग बऱ्याच वेळाने म्हणाल्या, “जत्रेला गेलो की काकी आमच्या हातावर खाजे ठेवी. पण आपल्या घरचे पान तिने कधी घेतले नाही. आजोबा दरवर्षी बोलावणे धाडीत.”

हे ऋण फेडावे तर आता धनको उरलेला नाही. यंदाच्या महालयात भटजींनी पितरांची नावे विचारली, तेव्हा पणजोबांच्या भावामागोमाग आम्ही काकीचे नाव सांगितले. आत्या देवघराच्या दाराशी उभ्या होत्या.

“पुन्हा एकदा सांग,” त्या म्हणाल्या, “मला नीट ऐकू आले नाही.”